मन्सूराची जीवाश्मशाळा

मन्सूरा हे शहर वाळवंटात नाही. कैरोच्या ईशान्येला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, नाईलच्या दमिएटा फाट्याच्या काठी ते वसले आहे आणि त्याच्या चहूबाजूंना त्रिभुज प्रदेशातली हिरवीगार शेती आहे. जमीन खणली तर इथे गाळ लागतो, जीवाश्म लागत नाहीत. तरीही इजिप्तच्या वाळवंटातली हाडे वाचायला शिकवणारी देशातली पहिली शाळा इथल्या विद्यापीठात, भूशास्त्र विभागाच्या आधाराने उभी राहिली. मन्सूरा विद्यापीठाचे पृष्ठवंशीय जीवाश्मशास्त्र केंद्र हे तिचे नाव. पृष्ठवंशीय म्हणजे पाठीचा कणा असलेले प्राणी: मासे, मगरी, डायनासोर, देवमासे, माकडे. केंद्राची स्थापना २०१० सालची. मध्यपूर्वेतले अशा प्रकारचे हे पहिलेच केंद्र मानले जाते.

या केंद्राचे मोल कळायला आधीची शंभर-सव्वाशे वर्षे थोडक्यात पाहावी लागतात. इजिप्तचा नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग वाळवंट आहे. पाऊस नाही, झाडोरा नाही, माती नाही. खडक उघडा पडलेला आणि वारा त्याला सतत घासतो आहे. जीवाश्म शोधणाऱ्याला याहून सोयीची जमीन मिळणे कठीण. कैरोच्या नैर्ऋत्येला फयूमचा खोलगट भाग आहे. तिथे १८९८ पासून ह्यू बीडनेल यांनी सर्वेक्षण केले. त्यांच्या पाठोपाठ ब्रिटिश संग्रहालयाचे चार्ल्स अँड्र्यूज आले आणि १९०६ मध्ये त्यांनी फयूमच्या प्राण्यांची जाडजूड सूची छापली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कहून हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न मोहीम घेऊन आले. १९११ मध्ये जर्मनीचे अर्न्स्ट श्ट्रोमर पश्चिम वाळवंटातल्या बहारिया मरूद्यानात पोचले. तिथल्या हाडांवरून त्यांनी १९१५ मध्ये स्पायनोसॉरसचे वर्णन केले. पाठीवर शिडासारखा उंच कणा असलेला हा डायनासोर आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

श्ट्रोमर यांच्या संग्रहाचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहारियाची ही हाडे म्युनिकच्या संग्रहालयात होती. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ती सुरक्षित जागी हलवावीत म्हणून श्ट्रोमर यांनी परोपरीने विनवले. ते नाझी राजवटीचे टीकाकार होते. त्यांचे कुणी ऐकले नाही. एप्रिल १९४४ मधल्या एका रात्री ब्रिटिश विमानांनी म्युनिकवर बाँब टाकले आणि स्पायनोसॉरसचा तो मूळ नमुना जळून नाहीसा झाला. मागे राहिली ती रेखाचित्रे, वर्णने आणि काही छायाचित्रे. ही हाडे कैरोत असती तर वाचली असती, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण ज्या देशाच्या खडकातून ती निघाली, त्या देशात त्यांच्यासाठी भांडणारा एकही अभ्यासक तेव्हा नव्हता, ही गोष्ट मला त्या बाँबइतकीच खटकते.

परदेशी अभ्यासकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. एल्विन सायमन्स १९६१ मध्ये फयूमला आले आणि पुढे कित्येक दशके येत राहिले. माणूस आणि वानर यांच्या दूरच्या पूर्वजांपैकी एक असलेले ईजिप्टोपिथेकस त्यांच्याच कामातून जगापुढे आले. फयूमच्या वाऱ्यालाच कामाला लावण्याची युक्तीही त्यांच्या चमूने रुळवली. वाळवंटाच्या पृष्ठभागावर खड्यांचा घट्ट थर असतो. तो झाडून काढायचा, खालची मऊ माती उघडी टाकायची आणि निघून जायचे. वर्षभर वारा ती माती उडवत राहतो. पुढच्या हंगामात यायचे तेव्हा दात आणि जबडे वर आलेले असतात. मिशिगन विद्यापीठाचे फिलिप गिंजरिच १९८३ पासून वादी अल-हितान, म्हणजे देवमाशांच्या दरीत काम करू लागले. १९८९ मध्ये त्यांच्या चमूला बॅसिलोसॉरस या अजस्र देवमाशाचे मागचे पाय सापडले. अठरा मीटरच्या आसपास लांबीच्या प्राण्याचे ते इवलेसे पाय होते, घोटा आणि बोटांसह. जमिनीवरचे चार पायांचे प्राणी समुद्रात गेले आणि त्यांचे देवमासे झाले, याचा इतका ठसठशीत पुरावा तोवर क्वचितच मिळाला होता. २००५ मध्ये ही दरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

इतके सगळे मिळाले, पण शोधनिबंधांवरची नावे बहुतेक बाहेरचीच राहिली. कैरोत १९०४ पासून भूशास्त्रीय संग्रहालय होते, विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग होते, चांगले भूशास्त्रज्ञही होते. मात्र त्यांचा ओढा तेलाकडे होता. तेल शोधताना थराचे वय ठरवायला सूक्ष्म जीवांची कवचे उपयोगी पडतात, म्हणून सूक्ष्मजीवाश्मांचा अभ्यास भरभराटीला आला. डायनासोरचा मणका किंवा माकडाचा जबडा हाती घेऊन नोकरी कोण देणार? त्यामुळे तो विषय शिकवणारे कुणी नव्हते आणि शिकवणारे नाहीत म्हणून शिकणारेही नव्हते. हे चक्र कुणीतरी एकाने मोडावे लागते. ते हेशाम सल्लाम यांनी मोडले.

सल्लाम मन्सूरा विद्यापीठातच भूशास्त्र शिकले. आपल्या देशातल्या जीवाश्मांवर परदेशी लोकच काम करतात हे पाहून त्यांनी या विषयाची वाट धरली. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी डॉक्टरेट केली, तीही फयूमच्या कृंतक प्राण्यांवर, म्हणजे उंदीर-साळिंदरांच्या कुळावर. त्यांचे मार्गदर्शक एरिक सायफर्ट हे सायमन्स यांचे विद्यार्थी होते. फयूममध्ये १९६१ पासून चाललेल्या परंपरेची गाठ अशी एका इजिप्शियन विद्यार्थ्याशी पडली. विषय दिखाऊ नव्हता. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या दाढा चाळणीतून वेचायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे उंचवटे आणि खाचा मोजायच्या आणि त्यावरून कोण कुणाचा नातलग ते ठरवायचे. दक्षिण अमेरिकेतल्या गिनीपिगचे पूर्वज आफ्रिकेकडून अटलांटिक ओलांडून गेले, या मोठ्या कोड्याची उकल अशाच दाढांवर टेकलेली आहे. या शिस्तीत घडलेला माणूस केंद्राचा संस्थापक झाला, हे पुढच्या कामाच्या दृष्टीने फार चांगले झाले असे मला वाटते. डायनासोरच्या भव्यतेने भारावून आलेल्या विद्यार्थ्याला आधी दातांकडे बारकाईने पाहायला शिकवणारा गुरू मिळाला.

डॉक्टरेट घेऊन ऑक्सफर्ड, अमेरिका कुठेही राहता आले असते. सल्लाम परतले आणि २०१० मध्ये केंद्र सुरू केले. विद्यापीठात त्यासाठी जागा आणि मान्यता मिळवून देण्यात मोना शाहीन यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच जानेवारीत कैरोच्या तहरीर चौकात उठाव झाला आणि देश कित्येक वर्षे अस्थिर राहिला. नव्या केंद्रासाठी हा काळ कठीण होता. पश्चिम वाळवंटात जायला परवानग्या लागतात, गाड्या लागतात, पाणी आणि इंधन बरोबर न्यावे लागते. तिथले दाखला मरूद्यान मन्सूराहून शेकडो किलोमीटर दूर आहे.

याच दाखलाजवळ २०१३ च्या अखेरीस केंद्राच्या मोहिमेला एका मोठ्या डायनासोरची हाडे दिसली. इथे जरा थांबून ते काम कसे चालते ते सांगायला हवे, कारण विद्यार्थी घडतो तो याच कामात.

वाळवंटात हाड दिसते तेव्हा ते बहुधा मोडलेले असते. दिवसाची तापती उन्हे आणि रात्रीचा गारवा यांनी त्याला भेगा गेलेल्या असतात. हात लावला तरी त्याचा भुगा होऊ शकतो. म्हणून आधी त्याला पातळ डिंकासारखे द्रावण पाजायचे, ते सुकू द्यायचे, मग कुंचल्याने आणि बारीक हत्यारांनी भोवतालचा दगड काढत जायचे. हाडाची जागा, त्याची दिशा आणि थराची नोंद वहीत करायची. ती नोंद चुकली तर हाड हाती येऊनही अर्धे निरुपयोगी ठरते. मग हाडाभोवती चर खणायचा, म्हणजे ते दगडाच्या एका चौथऱ्यावर उभे राहते. त्यावर ओला कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. वरची बाजू कडक झाली की खालून चौथरा तोडून सगळा गोळा एका झटक्यात उलटवायचा आणि खालची बाजू बंद करायची. उलटवण्याचा तो क्षण सगळ्यांत जोखमीचा. असे गोळे गाडीत भरून मन्सूराला आणायचे. मग प्रयोगशाळेत हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने दगडाचा कणन् कण उडवत महिनोन्महिने बसायचे. तेही झाल्यावर खरा अभ्यास सुरू होतो: जगभरच्या नातलग प्राण्यांच्या हाडांशी तुलना, शेकडो लक्षणांचा तक्ता, त्यावरून वंशवृक्ष.

दाखलाच्या डायनासोरच्या कवटीचे काही भाग, खालचा जबडा, मानेचे आणि पाठीचे मणके, फासळ्या, खांदा, पुढच्या पायाचा भाग, मागच्या पावलाची हाडे आणि कातडीतल्या हाडांच्या चकत्या मिळाल्या. ८ ते १० मीटर लांब, आफ्रिकी हत्तीच्या वजनाचा हा शाकाहारी प्राणी टायटॅनोसॉर गटातला होता आणि सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी जगत होता. २९ जानेवारी २०१८ रोजी तो मन्सूरासॉरस शाहीनी या नावाने प्रसिद्ध झाला. पहिला भाग विद्यापीठाच्या नावाचा, दुसरा मोना शाहीन यांच्या. निबंधाचे पहिले लेखक सल्लाम होते. सहलेखकांत सायफर्ट होते, २००० साली बहारियात पॅरालिटिटन हा डायनासोर शोधणाऱ्या चमूतले मॅट लमाना होते आणि केंद्रात शिकलेल्या इमान अल-दवूदी, सनाआ अल-सय्यद आणि सारा साबेर या तिघी होत्या.

शास्त्राच्या दृष्टीने हा शोध का महत्त्वाचा? डायनासोरयुगाच्या अखेरच्या काळातले आफ्रिकेतले जमिनीवरचे जीवाश्म फारच थोडे आहेत. खंडाचा बराच भाग जंगलांनी आणि मातीने झाकलेला आहे; पॅटागोनिया किंवा गोबीसारखे उघडे खडक तिथे मोजकेच. आफ्रिका तेव्हा इतर खंडांपासून पूर्ण तुटली होती का, हा प्रश्न त्यामुळे लोंबकळत राहिला होता. मन्सूरासॉरसची जवळची नाती युरोप आणि आशियातल्या टायटॅनोसॉरांशी निघाली. म्हणजे निदान उत्तर आफ्रिका आणि युरोप यांच्यात प्राण्यांची ये-जा होती. तुकड्यांच्या आधारे वर्षानुवर्षे चाललेल्या वादात एका अर्ध्यामुर्ध्या सांगाड्याने निर्णायक साक्ष दिली.

वर्तमानपत्रांनी या डायनासोरला डोक्यावर घेतले. मला मात्र केंद्राचे खरे यश त्याच्या एक वर्ष आधीच्या एका माशात दिसते. सनाआ अल-सय्यद यांनी २०१७ मध्ये वादी अल-हितानमधल्या ३.७ कोटी वर्षांपूर्वीच्या मार्जारमाशाचे वर्णन केले, कार्मूटस हितानेन्सिस. निबंधाच्या पहिल्या लेखक त्या स्वतः होत्या. संशोधनात पहिले नाव ज्याचे, जबाबदारी त्याची: विषय त्याने पेललेला असतो, शंकांना उत्तरे त्याने द्यायची असतात. गुरूने स्वतःचे नाव मागे सरकवून विद्यार्थिनीला पुढे उभे करायचे, ही रीत केंद्राने सुरुवातीपासून धरली. अल-सय्यद पुढे डॉक्टरेटसाठी मिशिगनला गेल्या. पूर्व वाळवंटात रास घारिब इथे ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, पृथ्वी एकाएकी तापली त्या काळातल्या माशांवरचा त्यांचा निबंध २०२१ मध्ये आला. उष्ण कटिबंधातला समुद्र त्या तापमानवाढीत ओस पडला नव्हता, तिथे नाना जातींचे मासे होते, हे त्यातून दिसले.

मुलींनी आठवडेच्या आठवडे वाळवंटात तंबू ठोकून राहायचे, हे इजिप्तमधल्या मध्यमवर्गीय घरांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. त्यासाठी गुरूने आईवडिलांचा विश्वास मिळवावा लागतो आणि आधीच्या मुलींनी वाट रुळवावी लागते. एक मुलगी जाऊन सुखरूप आली, तिचे नाव छापून आले, की दुसरीच्या घरी बोलणे सोपे होते. आज या केंद्राच्या नामवंत संशोधकांची नावे घेताना स्त्रियांची नावे आधी ओठांवर येतात.

देवमाशांची कथा आपल्याला जवळची आहे. देवमाशांचे सर्वांत जुने, चार पायांचे पूर्वज भारत-पाकिस्तानच्या भागात सापडतात. कच्छच्या खडकांतून अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून त्यांचे अवशेष जगापुढे आणले. हे प्राणी आपल्याकडच्या उथळ समुद्रातून पश्चिमेकडे कसे पसरले, याची पुढची पाने इजिप्तच्या खडकांत आहेत. फयूममध्ये २००८ साली पर्यावरण खात्याच्या चमूला एका पुरातन देवमाशाचा सांगाडा मिळाला. तो बरीच वर्षे अभ्यासाविना राहिला. मन्सूराच्या केंद्राकडे आल्यावर अब्दुल्ला गोहर यांनी त्यावर काम केले आणि २०२१ मध्ये फिओमिसेटस अनुबिस हे नाव दिले. ४.३ कोटी वर्षांपूर्वीचा, सुमारे तीन मीटर लांब, सहाशे किलोचा, चालूही शकणारा आणि पोहूही शकणारा. आफ्रिकेत सापडलेल्या त्याच्या गटातला तो सर्वांत आदिम ठरला. त्याच पर्यावरण खात्यातले भूशास्त्रज्ञ मोहम्मद सामेह अंतर यांनी २०२३ मध्ये टुटसेटस या अडीच मीटरच्या छोट्या देवमाशाचे वर्णन केले. त्याला नाव तुतनखामेनवरून मिळाले. अभयारण्याची राखण करणारा माणूस तिथल्या खडकांवर आंतरराष्ट्रीय निबंधाचा पहिला लेखक होतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १९८३ च्या कायद्याने इजिप्तमध्ये संरक्षित क्षेत्रे झाली, पण कायदा पहारा ठेवतो. खडकात काय आहे ते समजायला असा माणूस लागतो.

केंद्राच्याच बिलाल सालेम यांनी बहारियातल्या एका मणक्यावरून तिथे ॲबेलिसॉर गटाचे मांसभक्षक डायनासोर होते हे २०२२ मध्ये दाखवले. श्ट्रोमर यांची तीच भूमी, स्पायनोसॉरसचाच तो काळ. शुरूक अल-अश्कर यांनी सल्लाम यांची कृंतकांची वाट पुढे नेली आणि मग थेट हिंस्र प्राण्यांकडे वळल्या. २०२० मध्ये फयूममध्ये मोहीम आवरती घेत असताना चमूतल्या एकाला जमिनीतून वर आलेले मोठे दात दिसले. आत जवळजवळ अखंड कवटी होती. २०२५ मध्ये बास्टेटोडॉन या नावाने ती प्रसिद्ध झाली: ३ कोटी वर्षांपूर्वीचा, बिबट्याएवढा शिकारी. मांजर आणि कुत्र्याची कुळे आफ्रिकेत येण्यापूर्वी तिथे अशा प्राण्यांचे राज्य होते. त्याच निबंधात अल-अश्कर यांनी फयूमच्या एका जुन्या, १९०४ साली युरोपीय गटात टाकलेल्या प्राण्याचे वर्गीकरण बदलले आणि तो आफ्रिकी वंशाचा असल्याचे दाखवून त्याला सेखमेटॉप्स हे नवे नाव दिले. या सबंध वाटचालीतला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रसंग हाच. नवे हाड कुणालाही सापडू शकते. शंभर वर्षांपूर्वी परक्यांनी लिहिलेले वाचून त्यात पुराव्यानिशी दुरुस्ती करायला पिढी घडवावी लागते.

आणि ही पिढी मन्सूरापुरती राहिली नाही. सल्लाम स्वतः कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातही शिकवतात. सारा साबेर असियूत विद्यापीठात अध्यापक झाल्या. खर्गा मरूद्यानातल्या सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या, लांब मुस्कटाच्या मगरीचे वर्णन त्यांनी २०२५ मध्ये केले, वादिसुकस कासाबी. त्यातले कासाबी हे नाव असियूतच्याच एका प्राध्यापकांवरून आहे.

मराठी वाचकांपुढे हे सगळे मांडण्याला एक कारण आहे. मन्सूरासॉरसचा एक चुलतभाऊ महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्र विभागाने १९८० च्या दशकात एका टायटॅनोसॉरचा सांगाडा खणून काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. आज तो आयसिसॉरस म्हणून ओळखला जातो. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले. जवळच्या पिसदुऱ्याची हाडे तर एकोणिसाव्या शतकातच स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केली होती. पिसदुऱ्यातल्या डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये जगाला दाखवले. खडक आपल्याकडेही बोलके आहेत. भूशास्त्राची पदवी देणारी विद्यापीठेही आहेत. कमी आहे ती मन्सूरासारख्या जागेची, जिथे विदर्भातल्या मुलाला किंवा मुलीला खणण्यापासून निबंधापर्यंतचे सगळे काम एकाच छताखाली शिकता येईल.

तोवर एवढे तरी करता येईल. वरोरा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात शेतात किंवा ओढ्यात दगड झालेले हाड दिसले तर ते उपटून घरी आणू नका, विकू तर मुळीच नका. आहे त्या जागी छायाचित्र घ्या, गावाचे नाव आणि जागा लिहून ठेवा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. आणि घरातली मुलगी भूशास्त्र घेते म्हणाली, मोहिमेवर जायचे म्हणाली, तर तिला जाऊ द्या.